फॉरमॅट मारण्याआधी



विंडोज १० साठी मिळणाऱ्या नेहमीच्या मोफत सुरक्षा-सुधारणा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केल्या. तेव्हापासून या मालिकेकडे येणाऱ्या प्रश्नांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. गाव इंदूर असो, बडोदा असो, बेळगाव असो की हैदराबाद, मजकूर साधारण एकच: "सर, मुलाने रविवारी विंडोज ११ टाकून दिलं. सोमवारपासून इंटरनेट नाही, प्रिंटर दिसत नाही. दुकानवाला म्हणतो फॉरमॅट मारावा लागेल. मारू का?"

नका मारू. निदान आज तरी नका.

दुकानवाल्यावर माझा राग नाही. फॉरमॅट हे त्याच्या दृष्टीने ठरलेलं काम आहे. दोन-तीन तास, ठरलेले पैसे, गिऱ्हाईक खूश. बिघाड शोधायला बसलं तर कधी दहा मिनिटं लागतात, कधी अर्धा दिवस, आणि शोधण्याचे पैसे कोणी देत नाही. त्याचं गणित त्याच्या जागी बरोबर आहे, पण डिस्कवरचे फोटो आणि कागदपत्रं तुमची आहेत.

फौजेत टेलिफोनची लाइन बंद पडली की सिग्नलचा लाइनमन सगळी तार उपटून नवी टाकत नाही. तो टेस्ट फोन घेऊन तारेबरोबर चालत जातो, मध्येच एका ठिकाणी जोडणी करतो आणि दोन्ही टोकांना हाक देतो. ज्या बाजूने उत्तर येत नाही, बिघाड त्या बाजूला. मग त्या अर्ध्याचं पुन्हा अर्धं. घरच्या नेटवर्कचंही तसंच. त्याचे तीन तुकडे आहेत: तुमचा कॉम्प्युटर, कॉम्प्युटर ते राउटर, आणि राउटर ते इंटरनेट कंपनी. विंडोज बदललं म्हणजे बिघाड पहिल्याच तुकड्यात असणार असं मनाशी धरून बसू नका. केबल कंपनीची फायबर तुटायला तुमच्या रविवारशी काही देणं-घेणं नसतं.

पहिली तपासणी कॉम्प्युटरला हात न लावता करायची. मोबाइल घ्या, त्याचा मोबाइल डेटा बंद करा, घरच्या वाय-फायला जोडा आणि एखादी वेबसाइट उघडा. डेटा बंद करणं विसरू नका. तो चालू असेल तर वाय-फाय मेलेलं असतानाही फोन गुपचूप सिमवरून नेट घेतो आणि तुमची तपासणी वाया जाते. फोनवरही नेट नसेल तर विंडोज निर्दोष आहे. राउटरकडे बघा. फायबरच्या राउटरवर एलओएस नावाचा दिवा लाल असेल तर बाहेरून प्रकाशच येत नाही, कंपनीला फोन करा. दिवे ठीक असतील तर राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करा. मात्र मागच्या बारीक भोकात टाचणी घालू नका. तो फॅक्टरी रिसेट आहे. त्याने कंपनीच्या माणसाने भरलेलं युजरनेम, पासवर्ड सगळं पुसलं जाऊ शकतं, आणि मग एका बिघाडाचे दोन होतात.

फोनवर नेट चालतं आणि कॉम्प्युटरवर नाही? मग कॉम्प्युटरकडे वळा. आधी रीस्टार्ट करा. रीस्टार्ट म्हणजे शट डाउन करून पुन्हा चालू करणं नव्हे. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे. ती चालू असेल तर शट डाउन करताना प्रणालीचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा साठवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. म्हणजे कालचा घोटाळा आजही हजर. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं. "मी तीनदा बंद-चालू केला" म्हणणाऱ्या अनेकांनी एकदाही रीस्टार्ट केलेला नसतो.

त्यानंतर खालच्या कोपऱ्यातलं नेटवर्कचं चिन्ह दाबा. तिथे वाय-फायचं बटणच नसेल तर प्रश्न ड्रायव्हरचा असण्याची शक्यता मोठी. ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि वाय-फायची चिप यांच्यातला दुभाष्या. विंडोज नवं आलं, दुभाष्या जुनाच राहिला किंवा चुकीचा आला. स्टार्टवर उजवं क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा, नेटवर्क अ‍ॅडॅप्टर्स बघा. पिवळा त्रिकोण दिसला की सापडलं. त्या नावावर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर. तिथे रोल बॅकचं बटण दाबता येत असेल तर आधी तेच दाबून बघा.

नाही तर नवा ड्रायव्हर हवा, आणि तो इंटरनेटवर आहे, जे आपल्याकडे नाही. इथे लोक हात टेकतात. उपाय सोपा आहे. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने कॉम्प्युटरला जोडा आणि फोनच्या सेटिंग्जमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. केबल मात्र नुसती चार्जिंगची नको, डेटा नेणारी हवी. या जोडणीला वाय-फायचा ड्रायव्हर लागतच नाही. नेट आलं की सेटिंग्ज, विंडोज अपडेट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, ऑप्शनल अपडेट्स इथे ड्रायव्हर दिसतो का बघा. नसेल तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत वेबसाइटवर मॉडेल नंबर टाकून विंडोज ११ चा वाय-फाय ड्रायव्हर उतरवा. "ड्रायव्हर अपडेटर" नावाची फुकट सॉफ्टवेअर घेऊ नका. त्यांच्यामुळे उलट नव्या कटकटी मागे लागतात.

इंदूरच्या एका निवृत्त शिक्षिकांचं नेमकं हेच झालं होतं. त्यांच्या लॅपटॉपवर त्यांच्या दिवंगत यजमानांनी टाइप केलेलं पुस्तकाचं हस्तलिखित होतं, दुसरी प्रत कुठेही नाही. तेही युनिकोडच्या आधीच्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये. हे आपल्या लोकांनी नीट लक्षात घ्यावं. अशी फाइल पेन ड्राइव्हवर वाचवली आणि फॉरमॅट मारला, तरी फॉन्ट गेलेला असतो. मग फाइल उघडल्यावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. तेव्हा त्यांना आधी फाइल आणि फॉन्ट दोन्ही बाहेरच्या डिस्कवर घ्यायला लावलं, एक पीडीएफ करून घेतली, आणि मग फोन केबलने जोडला. ऑप्शनल अपडेट्समध्ये ड्रायव्हर होता. चहा गार व्हायच्या आत वाय-फाय आलं. (नव्या लिखाणासाठी विंडोजमध्येच मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे, २०१९ पासून. वेगळा प्रोग्राम लागत नाही.)

दुसरा प्रकार: वाय-फाय जोडलेलं दिसतं, पण नेट नाही. स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करा, काळी खिडकी उघडेल. आज्ञा इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या. इथे मी उच्चार देतो. पहिली आज्ञा आयपीकॉन्फिग, मध्ये जागा न सोडता. आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस अशी ओळ दिसेल. आकडा १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने तुमच्या कॉम्प्युटरला पत्ताच दिलेला नाही, त्याने स्वतःच एक तात्पुरता घेतला आहे. म्हणजे बिघाड राउटरच्या अलीकडे. ते वाय-फाय विसरायला लावा, म्हणजे फरगेट करा, आणि पासवर्ड टाकून पुन्हा जोडा. आकडा १९२.१६८ ने सुरू होत असेल तर बहुधा पत्ता मिळाला आहे, पुढे चला.

खालीच डिफॉल्ट गेटवे लिहिलेला असतो, तो तुमचा राउटर. पिंग लिहून एक जागा सोडून तो आकडा टाका. उत्तर आलं तर राउटरपर्यंतचा रस्ता साफ. मग पिंग ८.८.८.८ करा. हा गूगलचा सर्व्हर, म्हणजे बाहेरचं टोक. तिथूनही उत्तर येतं आणि तरी वेबसाइट उघडत नसेल, तर लाइन चालू आहे, डिरेक्टरी हरवली आहे. वेबसाइटच्या नावावरून तिचा नंबर शोधून देणाऱ्या व्यवस्थेला डीएनएस म्हणतात. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, वाय-फाय, हार्डवेअर प्रॉपर्टीज उघडा आणि डीएनएस असाइनमेंट ऑटोमॅटिक करा. पूर्वी कधीतरी कोणीतरी हाताने भरलेला आकडा तिथे तसाच असतो.

एवढ्यानेही भागलं नाही तर जुना अँटिव्हायरस आणि ऑफिसचा जुना व्हीपीएन यांच्याकडे बघा. हे दोघे नेटवर्कच्या वाटेत आपली चौकी बसवतात आणि विंडोज बदलल्यावर चौकी तशीच, शिपाई बेपत्ता, अशी अवस्था होते. बंद करून उपयोग नाही, काढून टाका, रीस्टार्ट करा. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर तोवर पहारा देतो. आणि हो, तारीख बघा. जुन्या मशिनातला बटण सेल संपला की तारीख काही वर्षं मागे जाते आणि बँकेसकट सुरक्षित वेबसाइट उघडायला नकार देतात. तो सेल स्वस्तात मिळतो.

नेटवर्क रिसेट नावाचं बटण सगळ्यात शेवटी. ते सर्व वाय-फाय पासवर्ड आणि व्हीपीएनची मांडणी पुसतं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, वहीत लिहा, मग पुढची. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि नेट आलं, तर कशाने आलं ते कधीच कळत नाही.

आता प्रिंटर. नेट चालतं पण प्रिंटर किंवा दुसऱ्या खोलीतला कॉम्प्युटर दिसत नाही, याचं नेहमीचं कारण म्हणजे नव्या विंडोजने तुमच्या घरच्या वाय-फायला पब्लिक समजणं. रेल्वे स्टेशनवर असल्यासारखं ते दार लावून बसतं. वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन प्रायव्हेट नेटवर्क निवडा. हे फक्त स्वतःच्या घरी, हॉटेलात नाही. प्रिंटर चुकून राउटरच्या गेस्ट नेटवर्कला जोडलेला नाही ना, तेही पाहा.

राउटरला लावलेली हार्ड डिस्क किंवा जुनी नेटवर्क डिस्क उघडत नसेल तर तो बिघाड नाही, धोरण आहे. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रो प्रकारात पासवर्डशिवाय, पाहुणा म्हणून आत जाणं बंद केलेलं आहे. इंटरनेटवर ही बंदी उठवायचे उपाय सापडतात. मी म्हणेन, डिस्कवर युजरनेम-पासवर्ड लावा. ज्या डिस्कवर घरात येणारा कोणीही शिरू शकतो, तिच्यावर बँकेची कागदपत्रं कशाला ठेवायची?

पेन्शनरांसाठी एक वेगळी सूचना. हयातीच्या दाखल्यासाठी बोटाच्या ठशाचं यंत्र वापरत असाल तर विंडोज बदलल्यावर त्याचा ड्रायव्हर आणि आरडी सर्व्हिस ऑक्टोबरातच तपासून घ्या. नोव्हेंबरच्या अखेरीला नको. यंत्र नाहीच चाललं तर मोबाइलवर चेहरा दाखवूनही जीवन प्रमाण काढता येतं.

समजा काहीच जमलं नाही. तरीही फॉरमॅटच्या आधी एक दार उघडं असतं. सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी इथे गो बॅक हा पर्याय आहे. विंडोज १० वरून अपग्रेड केल्यापासून १० दिवस तो चालतो. तुमच्या फाइल जागेवर राहतात; अपग्रेडनंतर टाकलेले प्रोग्राम तेवढे जातात. जुनी प्रणाली विंडोज डॉट ओल्ड नावाच्या फोल्डरमध्ये असते. जागा मोकळी करायच्या उत्साहात तो फोल्डर पुसलात तर हे दार बंद. म्हणून अपग्रेडची तारीख वहीत पहिल्या ओळीवर लिहा आणि दहा दिवस सफाई करू नका. परत गेलात तर सुरक्षेचा प्रश्न उभा राहतोच, पण तो सावकाश सोडवता येतो.

याहून गंभीर एक गोष्ट आहे. कधी कधी मशीन चालू होताना निळ्या पडद्यावर बिटलॉकरची रिकव्हरी की मागतं. डिस्क कुलूपबंद आहे आणि किल्ली ४८ आकड्यांची. अपग्रेडसाठी कोणी बायोसमध्ये टीपीएम किंवा सिक्युअर बूट हलवलं की हे होऊ शकतं. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉग-इन केलेलं असेल तर ती किल्ली बहुधा त्या खात्यात असते. मोबाइलवरून खातं उघडा, पडद्यावरचा की आयडी जुळवा, आकडे टाका. मात्र त्या खात्याचा पासवर्ड कोणाला ठाऊक आहे? बऱ्याच घरांत खातं मुलाने उघडलेलं असतं आणि मुलगा पुण्यात किंवा टोरांटोत असतो. किल्ली कुठेच सापडली नाही तर डेटा मायक्रोसॉफ्टही परत देऊ शकत नाही. हा भाग बघून झाल्यावर, मशीन नीट चालत असतानाच, ती किल्ली कागदावर उतरवून कपाटात ठेवा. लॅपटॉपच्या बॅगेत नको.

शेवटचं, घाबरलेल्या माणसाबद्दल. नेट बंद, मशीन अडलेलं, आणि मोबाइलवर आपण "विंडोज हेल्पलाइन नंबर" शोधतो. वर येणारा नंबर कोणाचा, हे आपल्याला माहीत नसतं. समोरचा गोड बोलतो, दूरून पडदा बघण्याचं अ‍ॅप टाकायला सांगतो आणि "दहा रुपये भरून बघा" म्हणतो. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या चुकीच्या संदेशात फोन नंबर कधीच नसतो. असा कोणी आत शिरलाच तर आधी वाय-फाय बंद करा, मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, आणि लगेच १९३० वर तक्रार नोंदवा. हा क्रमांक देशभर चालतो. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार पोचली तर ते अडवता येण्याची शक्यता असते, त्यामुळे मुलाला विचारून मग करू म्हणून संध्याकाळपर्यंत थांबू नका.