कोणता कॅमेरा घेऊ? – आकाशाचे फोटो आणि त्यातून निघालेला एक अवघड प्रश्न



दिवाळीची सुट्टी जवळ आली की पालकांकडून एक प्रश्न हमखास येतो. "सर, मुलाला आकाशाचे फोटो काढायचेत. कोणता कॅमेरा घेऊ?" यूट्यूबवर आकाशगंगेचे रंगीत फोटो बघून मुलं हट्ट धरतात आणि आईवडील दुकानात जाऊन थेट दुर्बीण घेऊन येतात. ती दुर्बीण बहुतेक घरांत महिनाभरात माळ्यावर जाते. म्हणून आधी स्पष्ट सांगतो, पहिल्या वर्षी काहीही महाग घेऊ नका. घरातला मोबाइल आणि एक दणकट ट्रायपॉड एवढ्यावर सुरुवात होते. ट्रायपॉड मात्र हलका, डुगडुगणारा घेऊ नका. आपल्याकडचा वारा त्याला उभा राहू देत नाही.

मोबाइलच्या कॅमेऱ्यात 'प्रो' मोड असेल तर शटर १० सेकंद उघडं ठेवा आणि टायमर लावा, म्हणजे बोटाचा धक्का लागणार नाही. मृग नक्षत्र, कृत्तिका एवढ्यावर सहज येतात. पुढे डीएसएलआर घ्यायचाच असेल तर जुना, वापरलेला चालतो. पैसे बॉडीपेक्षा लेन्सवर घालवा. ५० मिमीची साधी लेन्स या कामाला उत्तम.

आता गंमत इथे सुरू होते. शटर जास्त वेळ उघडं ठेवलं तर तारा टिंब न राहता रेघ होतो, कारण पृथ्वी फिरते, तासाला १५ अंश. किती सेकंद चालतील याचा एक ढोबळ हिशोब आहे: ५०० ला लेन्सच्या मिलिमीटरने भागा. २४ मिमीची लेन्स असेल तर साधारण २० सेकंद, ५० मिमीला १० सेकंद. (छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात आकडा आणखी दीडने भागावा लागतो.) सातवीच्या मुलाला भागाकार कशाला शिकायचा हे पटवायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

१० सेकंदांपेक्षा जास्त प्रकाश हवा असेल तर कॅमेरा पृथ्वीच्या उलट फिरवायला हवा. त्यासाठी 'ट्रॅकर' नावाचं मोटर बसवलेलं यंत्र विकत मिळतं, पण शाळेत ते दोन फळ्यांत होतं. दोन फळ्या एका बिजागरीने जोडायच्या. बिजागरीपासून बरोबर २२८.५ मिमीवर एम-६ चा आटे पाडलेला रॉड बसवायचा. त्याच्या एका फेऱ्यात रॉड १ मिमी सरकतो. मिनिटाला एक फेरा दिला की वरची फळी पृथ्वीच्याच वेगाने उघडत जाते. २२८.५ कुठून आला? पृथ्वी २३ तास ५६ मिनिटांत, म्हणजे १४३६ मिनिटांत एक फेरी मारते. मिनिटाला १ मिमी सरकणाऱ्या वर्तुळाचा परीघ १४३६ मिमी हवा. त्याला २π ने भागा, त्रिज्या मिळाली. आठवी-नववीचं गणित आणि सुताराचं अर्ध्या दिवसाचं काम.

बिजागरीचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो, आणि इथे आपल्या गावाचा अक्षांश कामाला येतो. रत्नागिरी १७ अंश उत्तरेला आहे, म्हणून आपला ध्रुवतारा क्षितिजापासून फक्त १७ अंश वर. बऱ्याचदा तो माडांमागे किंवा डोंगरामागे दडलेला असतो. लंडनच्या माणसाला तो ५१ अंशांवर छान दिसतो. पण त्या बिचाऱ्याला आकाशगंगेचं केंद्र जेमतेम १० अंशांवर, धुरकट क्षितिजाशी मिळतं. आपल्याला ते दक्षिणेला ४४ अंश वर मिळतं. त्यामुळे परदेशी व्हिडिओत 'आमच्याकडे हे दिसत नाही' असं ऐकून मुलांनी नाराज होऊ नये.

जागा म्हणाल तर सडा. कोकणातल्या कातळसड्यांवर झाड नाही, दिवा नाही, चहूबाजूंनी आकाश मोकळं. फक्त दोन गोष्टी. एक, सड्यावर फुरसं असतं, तेव्हा पायात बूट आणि हातात बॅटरी हवीच. बॅटरीला लाल कागद लावा, म्हणजे अंधाराला सरावलेले डोळे बिघडत नाहीत. दुसरी, उक्षी, कशेळी, देवीहसोळ अशा ठिकाणी सड्यांवर कातळशिल्पं आहेत. त्यांच्यावर ट्रायपॉड रोवू नका, मुलांना त्यांच्यावर नाचू देऊ नका.

आपला खरा शत्रू मात्र दमट हवा. मध्यरात्रीनंतर लेन्सवर दव धरतं आणि पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या लेन्सच्या आत बुरशी धरते. एकदा बुरशी काचेत शिरली की दुरुस्तीला लेन्सच्या निम्मे पैसे जातात. घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या, एवढा उपाय पुरतो. समुद्राकाठी फोटो काढून आल्यावर खारं पाणी पुसून घ्या.

आता थोडं इतिहासाकडे, कारण आपल्या किनाऱ्यावर आकाशाची छायाचित्रं काढणं काही नवं नाही. विजयदुर्ग किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' म्हणून दाखवतात. (विजयदुर्ग आज सिंधुदुर्गात, पण १९८१ पर्यंत तो रत्नागिरी जिल्ह्यातच होता.) १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात नॉर्मन लॉकयर यांनी इथूनच हेलियम शोधला, असं सर्रास सांगितलं जातं, त्या तारखेला कार्यक्रमही होतात. हे वर्गात सांगण्याआधी थोडं थांबा. १८६८ च्या ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते. लॉकयर त्या वेळी इंग्लंडातच होते आणि त्यांनी २० ऑक्टोबर १८६८ ला तिथूनच, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. त्यातल्या पिवळ्या रेषेवरून पुढे हेलियम हे नाव आलं, आणि पृथ्वीवर तो वायू रॅम्झी यांना १८९५ मध्ये मिळाला. लॉकयर विजयदुर्गला खरोखर आले ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला. 'मेल्पोमिनी' या युद्धनौकेचे खलाशी त्यांच्या मदतीला होते. जेमतेम दोन मिनिटांच्या अंधारासाठी लोलक लावलेले कॅमेरे मांडले होते. त्याच ग्रहणाला पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगामवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला यंत्रं घेऊन गेले होते. खरी गोष्ट सांगितली म्हणून विजयदुर्गाचा मान कमी होत नाही, उलट मुलांना ती जास्त आवडते.

आणि याच गोष्टीतून तो अवघड प्रश्न निघतो. पुढचं भारतातून दिसणारं खग्रास सूर्यग्रहण २० मार्च २०३४ ला काश्मीर-लडाखच्या बाजूला आहे, हे आज छापून ठेवलेलं आहे. मग नववीतला एखादा मुलगा विचारतोच, "सर, चंद्र कुठे असेल ते ठरलेलं आहे. मीसुद्धा अणूंचाच बनलोय. मग माझा दहावीचा निकालही ठरलेलाच ना? अभ्यास कशाला करायचा?"

टिंगल समजून हा प्रश्न उडवून लावू नका. फ्रेंच गणिती लाप्लास यांनी १८१४ मध्ये नेमकं हेच मांडलं होतं: प्रत्येक कणाची जागा आणि वेग ज्याला कळेल, त्याला सगळं भविष्य कळेल. त्यावर पहिलं उत्तर असं, की ठरलेलं असणं आणि सांगता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १८९८ मध्ये ग्रहणाची वेळ आधीच काढलेली होती, पण त्या दोन मिनिटांत विजयदुर्गावर ढग येईल की नाही हे कोणाला सांगता येत नव्हतं. ढग नियम मोडत नाहीत. सुरुवातीचा जरासा फरक वाढत वाढत मोठा होतो, एवढंच.

दुसरं उत्तर मुलाच्या स्वतःच्या फोटोत आहे. एकाच ताऱ्याचे १६ फोटो काढा. तारा तोच, सेटिंग तीच, तरी त्याच्यावरच्या ठिपक्याची चमक दर वेळी थोडी वेगळी येते. थोडा दोष हवेचा, थोडा कॅमेऱ्याचा, पण तो काढून टाकला तरी फरक उरतो, कारण प्रकाशाचे कण ठरावीक अंतराने येत नाहीत. सरासरी १०० येत असतील तर कधी ९०, कधी ११०. पुढचा कण नेमका केव्हा येईल हे आजचं भौतिकशास्त्र सांगूच शकत नाही. म्हणून तर १६ फोटो एकावर एक रचून सरासरी काढतात. खरखर चौपट कमी होते. (सिक्वेटर, डीपस्कायस्टॅकर ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात.)

पण हुशार मूल इथेही अडवतं. "म्हणजे माझ्या डोक्यात फासा पडतो आणि मी तसा वागतो? मग त्यात माझं काय?" बरोबर आहे त्याचं. योगायोग म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. क्वांटमचं नाव घेऊन इच्छास्वातंत्र्य सिद्ध झालं असं सांगणारे व्हिडिओ खूप आहेत, ते मुलांना दाखवू नयेत असं माझं मत आहे. आइनस्टाइन यांना तर इच्छास्वातंत्र्य मान्यच नव्हतं. हा वाद भौतिकशास्त्राने मिटवलेला नाही, हे वर्गात प्रामाणिकपणे सांगावं.

मला पटणारा मुद्दा वेगळा आहे. चंद्राला तुम्ही २०३४ चं भाकीत वाचून दाखवा, तो जागचा हलणार नाही. मुलाला भाकीत सांगा, तो बदलतो. "याला गणित जमणार नाही" हे वाक्य ऐकलेला मुलगा आणि न ऐकलेला मुलगा परीक्षेत सारखे बसत नाहीत. पत्रिकेत साडेसाती आहे म्हणून यंदा सायन्स नको, असं म्हणणारे पालक भेटतात. पंचांगातली ग्रहणाची वेळ आणि ही साडेसाती एकाच पुस्तकात छापलेली असते, पण पहिली गणिताने निघते आणि कोणालाही तपासता येते. आपल्याच जिल्ह्यातल्या दापोलीजवळच्या मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित पेशाने शिक्षक होते. त्यांनी भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास लिहून १८९६ मध्ये प्रसिद्ध केला. गणित आणि फलित यांतला फरक समजावताना मी मुलांना त्यांचं नाव आवर्जून सांगतो.

फळ्यांचा ट्रॅकर करायचा असेल तर पावसाळ्यातच करून ठेवा, तेव्हा आकाश तसंही दिसत नाही. २ ऑगस्ट २०२७ चं सूर्यग्रहण आपल्याकडे खंडग्रास आहे. ढगांनी वाट दिली तर ग्रहणाच्या खास चष्म्यातूनच बघा, आणि लेन्सच्या पुढे सौर फिल्टर लावल्याशिवाय कॅमेरा सूर्याकडे करू नका. एक्स-रेची फिल्म चालत नाही. नोव्हेंबरात अमावास्येच्या आसपास रात्री नऊ-साडेनऊला सड्यावर जा. डोक्यावरून जरा उत्तरेला देवयानी दीर्घिका असते. ५० मिमीची लेन्स, फळ्यांवर कॅमेरा, एक-एक मिनिटाचे १६ फोटो. २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश त्यात येतो. रॉडला फेरे द्यायचं काम पाळीपाळीने मुलांना द्या, आणि घड्याळ बघून मोजायला एकाला वेगळं बसवा.