घरचा पॉमेरेनियन, त्याचे केस आणि त्याची लस

‘हम आपके हैं कौन’ १९९४मध्ये आला आणि त्यातला टफी घराघरांत पोहोचला. तसल्या पांढऱ्या, झुपकेदार शेपटीच्या कुत्र्याला आपण सरसकट पॉमेरेनियन म्हणतो. खरं तर आपल्याकडे बहुतेक घरांत असतो तो इंडियन स्पिट्झ. बाल्टिक समुद्राकाठच्या पोमेरेनिया प्रांतावरून नाव पडलेला खरा पॉमेरेनियन जेमतेम दोन-तीन किलोंचा. आपला स्पिट्झ सहज पाच किलोंच्या पुढे जातो. दोघांची दुखणी मात्र बरीचशी सारखी, त्यामुळे नावाचा वाद सोडून देऊ.

मी पशुवैद्य नाही, माणसांचा डॉक्टर आहे. पण कुत्रा चावलेले लोक आमच्याकडेच येतात आणि त्यांत भटक्या कुत्र्यांइतकीच घरच्या कुत्र्यांचीही नावं ऐकू येतात. ‘डॉक्टर, आमचा सोनू आहे हो, खेळता खेळता दात लागला.’ सोनूला लस दिली आहे का, असं विचारलं की नवरा बायकोकडे बघतो आणि बायको नवऱ्याकडे. ‘तो बाहेर जातच नाही’ हे उत्तर ठरलेलं.

हा कुत्रा खेळण्यासारखा दिसतो, तिथेच घोळ होतो. त्याच्या केसांचे दोन थर असतात. आत दाट लोकर, वर लांब राठ केस. या थरांखाली गोचीड लपते, वाढलेलं वजन लपतं आणि सकाळच्या फेरीत गल्लीतल्या कुत्र्याने मारलेला दातही लपतो. म्हणून रोज नाही जमलं तरी एक दिवसाआड कंगवा फिरवावा आणि बोटांनी कातडी चाचपावी. कानांमागे, मानेखाली, जांघेत विशेष.

उन्हाळ्यात ‘बिचाऱ्याला उकडतंय’ म्हणून काही जण पूर्ण केस भादरून टाकतात. तसं करू नये. कातडी उन्हात उघडी पडते आणि केस पुन्हा पूर्वीसारखे येतीलच असं नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून अंग थंड करतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात त्याला सावली, पंखा आणि भरपूर पाणी लागतं. फिरणं उन्हं चढण्याआधी किंवा उतरल्यावर. धाप थांबत नसेल, तोल जात असेल तर साधं पाणी अंगावर ओतून वारा घालत थेट पशुवैद्याकडे न्यावं.

या जातीची श्वासनलिका नाजूक असते, त्यामुळे गळपट्ट्याला हिसके देण्यापेक्षा छातीवरून जाणारा हार्नेस बरा. कांदेपोहे, चॉकलेट, द्राक्षं आणि शिऱ्यातले बेदाणे लाडाने भरवू नयेत. कांद्याने त्याच्या तांबड्या पेशी फुटतात आणि बेदाण्यांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. आजी-आजोबांना हे पटवणं अवघड, हे मान्य.

आता लस. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची पहिली लस, मग पशुवैद्य सांगतील तसा बूस्टर आणि पुढे दरवर्षी. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस वाचणं जवळपास अशक्य. वेळेवर उपचार घेतले तर तो टाळता येतो.

दात किंवा नख लागलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. हळद, तिखट, चुना काहीही लावू नका. नुसता ओरखडा असला, रक्त आलं नसलं, तरी लस लागते. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं. सरकारी रुग्णालयात ही लस मोफत मिळते. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवावं, पण ते दहा दिवस संपण्याची वाट बघत आपली लस लांबवू नये. पहिलं इंजेक्शन त्याच दिवशी घ्या. कुत्रा दहाव्या दिवशीही ठणठणीत असेल, तर पुढच्या मात्रांचं काय करायचं ते डॉक्टर सांगतील.