उतमानझईची शाळा

पुश्तू भाषेंत 'बदल' या शब्दाचा अर्थ सूड असा आहे. मराठींत अगदीं निरुपद्रवी असलेल्या या शब्दानें वायव्य सरहद्दीवर कित्येक कुळें धुळीस मिळविलीं. आजोबाचा खून झाला तर नातवानें त्याची फेड केलीच पाहिजे, एरव्हीं गांवांत त्याला मान वर करून चालतां यावयाचें नाहीं, अशी तेथील रीत. इंग्रजी अंमलांत यावर योजलेले उपाय म्हणजे पलटण, दंड आणि 'फ्रंटियर क्राइम्स रेग्युलेशन' हा कडक कायदा. शाळा हा उपाय सरकारच्या यादींत फार खालीं होता. तो वर आणण्याचें काम एका पठाणानेंच केलें, आणि त्यापायीं त्याला तुरुंगांत जावें लागलें. त्याचें नांव खान अब्दुल गफारखान.

गफारखानांचा जन्म १८९० सालचा. स्वात नदीच्या कांठीं, चारसद्द्याजवळ, उतमानझई हें त्यांचें गांव. वडील बहरामखान मोठे जमीनदार, पण निरक्षर; मात्र आपल्या वैऱ्यांस त्यांनीं क्षमा केली होती, आणि पठाणांत ही गोष्ट जमिनीपेक्षां दुर्मिळ. मुलास त्यांनीं पेशावरच्या एडवर्ड्स मिशन हायस्कुलांत घातलें. तेथील हेडमास्तर रेव्हरंड विग्रम गरीब विद्यार्थ्यांस मदत करीत. दूर देशाचा मनुष्य परक्यांच्या मुलांसाठीं इतका झिजतो आणि पठाण स्वतःच्या मुलांसाठीं कांहींच करीत नाहीं, ही बोच त्या तरुणाच्या मनांत कायमची राहिली. लष्करांत अधिकारी होण्याची संधि चालून आली होती. परंतु एका इंग्रज अधिकाऱ्यानें आपल्या पठाण मित्राचा केलेला अपमान पाहून त्यानें ती सोडली. विलायतेस जाण्यास आईनें संमति दिली नाहीं. मग राहिलें गांव.

१९१० सालीं तुरंगझईचे हाजीसाहेब यांच्या साह्यानें उतमानझईस पहिली शाळा निघाली, आणि पाठोपाठ आसपासच्या गांवांतही. विरोध दोन्ही बाजूंनीं झाला. मुल्ला म्हणत, या शिक्षणानें मुलगा नरकांत जाईल. सरकारला वाटे, या शिक्षणानें मुलगा हातचा जाईल. सरकारी शाळा थोड्या, आणि त्यांतही शिकविण्याची भाषा उर्दू. पुश्तू बोलणाऱ्या पोरास पहिल्याच दिवशीं परमुलखांत येऊन पडल्यासारखें होई. १९१५ सालीं हाजीसाहेब इंग्रजांशीं लढण्यासाठीं डोंगरांत निघून गेले आणि सरकारनें शाळा बंद पाडल्या.

शाळा म्हणजे चार भिंती एवढेंच असतें तर गोष्ट येथेंच संपली असती. पुढील तीन वर्षें गफारखान गांवोगांव हिंडले; सुमारें ५०० गांवें त्यांनीं पालथीं घातलीं. पठाणांच्या गांवीं हुजरा असतो. पुरुषांच्या बैठकीची आणि पाहुण्यांच्या उतरण्याची ती जागा. चावडी आणि धर्मशाळा यांच्यामधली म्हणावी. तेथें बसून ते शेतकऱ्यांशीं बोलत. पुढें १९२० च्या सुमारास दीर संस्थानांत खलोनो येथें त्यांनीं शाळा काढिली, तर ती नवाबानें पाडून टाकिली.

एप्रिल १९२१ मध्यें अफगाणांच्या सुधारणेसाठीं 'अंजुमन' ही संस्था स्थापन झाली आणि त्याच महिन्यांत उतमानझईस आझाद शाळा उघडली. भाऊबंदकीचीं वैरें मिटविणें, समारंभांतील उधळपट्टी थांबविणें, पुश्तू भाषा वाढविणें हे संस्थेचे उद्देश. शाळेंत कुराण, इतिहास, गणित, इंग्रजी हे विषय होते. शिवाय विणकाम, सुतारकाम आणि शिवणकाम. हे शेवटचे विषय ऐकून कोणीं हंसूं नये. पठाणास बंदूक धरण्याची लाज नव्हती, माग धरण्याची होती. विणकर तेथें हलका मानला जाई. ज्या शाळेंत माग आहे तेथें जमीनदाराचा मुलगा बसला, कीं पुष्कळसें शिक्षण पुस्तकावांचून होतें. गफारखानांचे स्वतःचे मुलगे गनी आणि वली याच शाळेंत शिकले. मास्तर अल्प वेतनावर काम करीत. शाळांच्या इतिहासांत हें वाक्य नेहमीं असेंच एका ओळींत उरकतात. त्या ओळीची खरी लांबी मास्तरांच्या घरच्यांनाच ठाऊक असते.

दोन वैरी घराण्यांचीं मुलें एका चटईवर बसलीं म्हणजे सूड विसरतात, असें मात्र कोणीं समजूं नये. परंतु शाळा चालवावयाची तर जागा, वर्गणी, मास्तराची राहण्याखाण्याची सोय हें सर्व गांवांतील तटांना एकत्र बसून ठरवावें लागतें. भांडणाखेरीज दुसऱ्या कारणासाठीं एकत्र बसण्याची संवय लागणें, ही त्या मुलखांत लहान गोष्ट नव्हती. सरकारला धाक वाटला तो बहुधा याचाच.

सरहद्दीचे चीफ कमिशनर सर जॉन मॅफी यांनीं वृद्ध बहरामखानांस बोलावून सांगितलें कीं, बाकीचे सारे स्वस्थ असतां तुमच्या मुलानेंच शाळा कां काढाव्या? त्याला समजवा. वडिलांनीं घरीं येऊन तसें सांगितलें. मुलानें उलट विचारलें कीं, इतर सर्वांनीं नमाज सोडला तर मलाही तुम्ही सोडावयास सांगाल काय? शिकविणें हेंही तसेंच कर्तव्य आहे. वडिलांस तें पटलें. डिसेंबर १९२१ मध्यें गफारखानांस अटक होऊन तीन वर्षांची सक्तमजुरी झाली. बेड्या, एकांतवास, दळण हें सर्व त्यांच्या वांट्यास आलें. १९२४ सालीं सुटले तेव्हां प्रकृति खंगलेली होती. शाळा मात्र चालू होती.

१९२९ मध्यें 'खुदाई खिदमतगार' संघटना निघाली, तिचे पहिले कार्यकर्ते याच शाळेच्या परिवारांतून आले. सूड घेणार नाहीं, अत्याचार करणाऱ्यास क्षमा करीन आणि रोज निदान दोन तास समाजसेवेस देईन, अशी त्यांची शपथ असे. 'बदल' मानणाऱ्या समाजांत ही शपथ घेणारे हजारों निघाले. एप्रिल १९३० मध्यें पेशावरच्या किस्सा-ख्वानी बाजारांत निःशस्त्र जमावावर गोळ्या झाडल्या गेल्या, तरी त्या चळवळीनें हत्यार उचललें नाहीं.

१९३४ सालीं तुरुंगांतून सुटल्यावर गफारखानांस स्वप्रांतांत जाण्याची बंदी होती. तेव्हां ते वर्ध्यास येऊन राहिले, आणि मुंबईंतील एका भाषणाबद्दल तेथेंच पुन्हां पकडले गेले. पुढें त्यांचें विस्तृत इंग्रजी चरित्र लिहिलें तें दी. गो. तेंडुलकर या मराठी लेखकानेंच, १९६७ सालीं.

फाळणीनंतर पाकिस्तान सरकारनें खुदाई खिदमतगार संघटनेवर बंदी घातली. १२ ऑगस्ट १९४८ रोजीं चारसद्द्याजवळ बाबडा येथें तिच्या लोकांवर गोळीबार झाला. राज्यकर्ते बदलले, तुरुंग तेच राहिले. २० जानेवारी १९८८ रोजीं पेशावर येथें गफारखान वारले.

चारसद्द्यास २०१२ सालीं त्यांच्या नांवानें बाचा खान विद्यापीठ स्थापन झालें. २० जानेवारी २०१६ या त्यांच्या पुण्यतिथीस, तेथें मुशायऱ्याची तयारी असतां, बंदूकधारी आंत शिरले आणि वीसांहून अधिक माणसें मारलीं गेलीं. पुढच्या महिन्यांत विद्यापीठाचे दरवाजे पुन्हां उघडले आणि विद्यार्थी वर्गांत येऊन बसले.