विश्लेषण : ‘विंडोज १०’ सोडून ‘विंडोज ११’ घ्यावे का? घाई कुणी करावी, कुणी थांबावे?

संगणक सुरू केला की ‘विंडोज ११’साठी सूचना झळकते आणि बोट ‘नंतर’कडे वळते. मात्र मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’चा नियमित आधार थांबवला. त्यामुळे हा निर्णय आता फार लांबवण्याजोगा राहिलेला नाही.

आधार थांबला म्हणजे नेमके काय?

संगणक बंद पडत नाही. फाइल्स उघडतात, इंटरनेट चालते, छपाईही होते. थांबते ती सुरक्षा दुरुस्ती. यंत्रणेत नवी त्रुटी सापडली, तर ती बुजवणारे अपडेट मोफत आणि आपोआप मिळत नाही.

त्याने खरेच धोका वाढतो का?

मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’ हल्ला हे ठळक उदाहरण. ज्या त्रुटीतून तो पसरला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती, त्यांच्या फाइल्स कुलूपबंद झाल्या आणि खंडणी मागितली गेली. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांना रुग्णांच्या भेटी रद्द कराव्या लागल्या. ज्या संगणकावर बँकेचे व्यवहार, जीएसटी विवरणपत्रे किंवा ग्राहकांची कागदपत्रे आहेत, त्यासाठी हा धोका किरकोळ नाही.

मग लगेच अपडेट का करू नये?

मोठे अपडेटही चुकू शकते. ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘विंडोज १०’च्या एका अपडेटनंतर काहींच्या ‘डॉक्युमेंट्स’सारख्या फोल्डरमधील फाइल्स नाहीशा झाल्या. कंपनीने वितरण थांबवले आणि नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा सुरू केले. म्हणून बॅकअपशिवाय पुढे जाऊ नये.

कोणत्या संगणकावर ‘विंडोज ११’ चालते?

किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, ६४ बिट प्रोसेसर, ‘सिक्युअर बूट’ची सोय आणि ‘टीपीएम २.०’ हवे. टीपीएम म्हणजे सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप. इंटेलचे बहुतांश आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर यादीत आहेत. ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत अ‍ॅप संगणक पात्र आहे का ते सांगते. टीपीएम नाही असे उत्तर आले, तरी लगेच नवा संगणक घेऊ नका. अनेकदा ते असते, पण बायोसमध्ये बंद असते. रॅम ४ जीबीच असेल, तर संगणक रेंगाळण्याची शक्यता धरून चला.

कुणी थांबून विचार करावा?

जुना प्रिंटर, स्कॅनर, बिलिंगचे सॉफ्टवेअर किंवा यूएसबी लॉकवर चालणारे मराठी टायपिंग वापरणाऱ्यांनी आधी विक्रेत्याला विचारावे. ‘विंडोज ११’ फक्त ६४ बिट आहे. ३२ बिट ‘विंडोज १०’वर चालणारे डॉसच्या काळातील हिशेबाचे प्रोग्रॅम त्यावर थेट चालत नाहीत.

संगणक पात्र नसेल तर?

घरगुती वापरासाठी ‘एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स’ अर्थात वाढीव सुरक्षा योजना आहे. कंपनीने जाहीर केल्याप्रमाणे तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत आहे. त्यासाठी मायक्रोसॉफ्ट खाते लागते. सेटिंग्जचा बॅकअप खात्याशी जोडल्यास ती मोफत मिळते, अन्यथा ३० डॉलर किंवा १,००० ‘रिवॉर्ड्स’ गुण मोजावे लागतात. नोंदणी ‘विंडोज अपडेट’च्या पानावरूनच होते. पात्रतेची अट टाळून ‘विंडोज ११’ बसवण्याच्या युक्त्या फिरतात, पण अशा संगणकाला पुढील अपडेट्स मिळतीलच, याची हमी कंपनी देत नाही. केवळ इंटरनेट आणि लिखाणाचे काम असेल, तर लिनक्स हा मोफत पर्याय आहे.

अपडेटपूर्वी काय करावे?

फाइल्स बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा आणि त्या उघडतात का ते पाहा. ‘बिटलॉकर’ सुरू असेल, तर रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. विवरणपत्राची शेवटची तारीख किंवा ऑनलाइन परीक्षा तोंडावर असताना हे काम काढू नका. लॅपटॉप चार्जरला जोडलेला ठेवा.

नाही पटले तर परत जाता येते का?

येते, पण साधारण दहा दिवसांत. ‘सेटिंग्ज’मधील ‘रिकव्हरी’मध्ये ‘गो बॅक’चा पर्याय असतो. म्हणून प्रिंटर, स्कॅनर, डिजिटल स्वाक्षरी आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर पहिल्याच दिवशी तपासून घ्यावे.