लोकलमध्ये पॉडकास्ट ऐकताय? मग हे तीन नियम पाळा

डोंबिवली ते सीएसएमटी रोज जा-ये करणाऱ्याचे दिवसाला दोन तास तरी लोकलमध्ये जातात. महिन्याचे २५ दिवस धरले, तर झाले ५० तास. नोकरी सांभाळून धंदा शिकायला हा वेळ भरपूर आहे. पण नुसतं ऐकून गल्ल्यात पैसा येत नाही.

१. आधी प्रश्न ठरवा. मसाले विकायचेत? मग या आठवड्याचा प्रश्न एकच: दुकानदाराला मार्जिन किती द्यायचं? त्याच विषयाचे भाग निवडा आणि रात्री घरीच डाउनलोड करा. गाडीत रेंजचा भरवसा नाही.

२. यशोगाथा जपून ऐका. ‘हाऊ आय बिल्ट धिस’ हा अमेरिकन पॉडकास्ट २०१६ पासून सुरू आहे. त्यात कंपनी उभी करणाऱ्यांना शेवटी विचारतात: यात नशीब किती, मेहनत किती? हा प्रश्न प्रत्येक मुलाखतीला लावा. तेच सगळं करून बुडालेले लोक माइकसमोर क्वचितच येतात. म्हणून कुणाचं ऐकून लगेच राजीनामा देऊ नका. त्याने पहिलं गिऱ्हाईक कुठून आणलं, उधारी कशी वसूल केली, ते टिपून घ्या.

३. उतरायच्या पाच मिनिटं आधी बंद करा. करण्यासारखी एकच गोष्ट मोबाईलमध्ये लिहा. रविवारी दोन दुकानांत जाऊन मार्जिन विचारून या.

महिनाअखेरीला हिशोब करा. किती भाग ऐकले याचा नाही, किती गोष्टी करून पाहिल्या याचा!