कातरीआधी संगणकावर गोधडी

चुकीचे कापलेले कापड थानात परत जात नाही. म्हणून बाळाच्या गोधडीची आखणी आधी संगणकावर करावी. 'इंकस्केप' हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. माप इंचात ठेवून ६ इंचांचा चौकोन काढावा, नकला करून ६ ओळींत ६-६ मांडाव्यात, दोन रंग आलटून पालटून भरावेत. ३६ इंचांची गोधडी समोर दिसेल. रंग पटला नाही तर कापड न नासता बदलता येतो.

मात्र पडद्यावर शिलाई दिसत नाही. चारही बाजूंस पाव इंच धरून तुकडा साडेसहा इंचांचा कापावा. ६ इंचांचाच कापला तर गोधडी ३३ इंचांवर येईल.

४४ इंच पन्ह्यात आडवे ६ तुकडे बसतात. एका रंगाचे १८ तुकडे, म्हणजे साडेएकोणीस इंच कापड. आटणे धरून पाऊण मीटर घ्यावे. गिऱ्हाईकाने चित्र पसंत केल्यावरच कातर लावावी.