मोठी आच कशासाठी?

स्टेक म्हणजे मांसाचा जाड, अख्खा तुकडा. मसाल्याआड लपायची सोय नसल्याने तो बिघडला की लगेच कळतं. मोठ्या आचेवर भाजला की वरचा थर बंद होऊन रस आत कोंडला जातो, ही समजूत १८४७ पासूनची. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी ती मांडली. पण ती खरी नाही. तव्यावरची चरचर ऐका. रस बाहेर येत असल्याचीच ती खूण!

मग आच मोठी का? चवीसाठी. खरपूस रंग आणि वास ज्या क्रियेमुळे येतो, तिचं वर्णन फ्रेंच शास्त्रज्ञ मायार यांनी १९१२ मध्ये केलं. ती साधारण १४० अंश सेल्सिअसपुढे जोर धरते. पाणी मात्र १०० अंशांनाच उकळतं. म्हणजे ओला तुकडा आधी उकडतो आणि खरपूस होईपर्यंत आतून चिवट होतो. म्हणून मी तो कागदाने कोरडा टिपतो, लोखंडी तवा चांगला तापवतो आणि तव्यावर गर्दी करत नाही.

शिजल्याची खात्री रंगावरून नको. मधोमध थर्मामीटर खुपसावा. अमेरिकी कृषी खातं अख्ख्या तुकड्याला ६३ अंश आणि मग ३ मिनिटं विसावा सांगतं. खिम्यात मात्र वरचे जंतू आत मिसळतात, त्याला ७१ अंश हवेतच.